पोटावरचे तीन हात

"मग मी करायचं काय, मॅडम? नुसतं बसायचं?"

"हो."

"किती वेळ?"

मोठ्या बाईंनी हातातल्या कपाकडे बघितलं. चहात पडलेली माशी चमच्यानं काढली, बशीच्या कडेला ठेवली आणि उरलेला चहा शांतपणे पिऊन टाकला.

मोठ्या बाई म्हणजे डॉक्टर उषा अणावकर. घाटातल्या आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यातल्या सर्जन. वय अडुसष्ट, वजन चाळीस किलो, त्यातलं पाच किलो चष्म्याचं.

विचारणारा डॉक्टर शार्दूल घोरपडे. वय एकोणतीस. परीक्षेत सोन्याचं पदक मिळालेलं, ते सांगायला त्याला निमित्त लागायचं नाही. बाईंकडे शिकायला आला होता, पण आमची समजूत अशी की तो बाईंना शिकवायला आलाय.

आणि मी तिथला ड्रेसर. पट्ट्या बांधायच्या, पट्ट्या सोडायच्या. शाळा सातवीपर्यंत, तीही मास्तर दमला म्हणून पुढे ढकललेली. माझ्या शब्दावर कुणी विश्वास ठेवावा असा मी माणूस नाही. पण हे मी पाहिलंय. हसायचं तिथं आत्ताच हसून घ्या, पुढे जागा नाही.

तर सोमवार होता. सकाळचे दहा.

खाटेवर ठकूबाई येडगे. वरच्या वाडीवरची गवळीण, वय तीसच्या आत-बाहेर. नुकत्याच व्यायलेल्या म्हशीची धार काढताना म्हशीनं तिला दावणीच्या खांबाशी दाबलं होतं. डाव्या बरगडीखाली. वरून कातडीला खरचटलं सुद्धा नव्हतं.

आत पानथरी फाटली होती. डॉक्टर लोक तिला स्प्लीन म्हणतात. लिव्हरलाही एक चीर होती. शहरातून स्कॅन करून आणला होता, त्यात सगळं दिसत होतं.

"स्प्लीन फाटलीय, मॅडम. पोटात रक्त आहे. उघडायला नको?"

"रक्त वाहतंय, की वाहून थांबलंय?"

"ते स्कॅनवर कसं कळणार?"

"मग कशावर कळणार?"

...

"नाडी ब्याऐंशी आहे," शार्दूल म्हणाला. "बीपी चांगलं आहे. पण मॅडम, आत फाटलंय म्हणजे..."

"तुझ्या टेबलावर बरणी आहे," बाई म्हणाल्या.

होती. मागच्या महिन्यात त्यानं एका ट्रॅक्टरवाल्याची पानथरी काढली होती. ती औषधाच्या पाण्यात घालून टेबलावर ठेवलेली. आम्ही तिला लोणचं म्हणायचो. सहसा त्याच्यासमोर नाही.

"ती पानथरी तू पोट उघडलंस तेव्हा गळत होती?"

शार्दूल स्कॅनचा कागद चाळायला लागला.

"गळत होती का रे?"

"नाही, मॅडम. रक्त गोठून थांबलं होतं."

"मग काढलीस का?"

"पोट... उघडलंच होतं."

बाईंनी मान हलवली. रागानं नाही. भाजीवाल्यानं खरा भाव सांगितल्यावर हलवतात, तशी.

मग त्यांनी मला हाक मारली. "मामा, जांभळं औषध आणा. आणि एक काडी."

जांभळं औषध म्हणजे जखमेला लावतात ते. कातडीवर एकदा बसलं की आठवडाभर जात नाही. माझ्या लग्नात मी ते सासऱ्याच्या उपरण्यावर... असो. आणलं.

बाईंनी शार्दूलचा उजवा हात धरला आणि ठकूबाईच्या पोटावर, डाव्या बरगडीच्या खाली ठेवला. पालथा, बोटं मिटून. मग काडी औषधात बुडवून त्याच्या हाताभोवती रेघ काढली. पाटीवर पोरं काढतात तशी. मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत आणि परत मनगटापर्यंत.

"हात उचल."

उचलला. पोटावर जांभळा हात राहिला.

"दर तासाला हा हात इथं ठेवायचा. याच जागी. पोट मऊ आहे का कडक, दुखतंय का, फुगतंय का. नाडी मोजायची. रक्ताच्या तीन बाटल्या राखून ठेवल्यात. ऑपरेशनची ओटी तयार आहे. ती तशीच तयार राहील, तू आत जायचं नाहीस."

"सिस्टर ठेवतील की हात. मी अधूनमधून..."

"सिस्टरचा हात वेगळा, तुझा वेगळा. काल आणि आज यातला फरक एकाच हाताला कळतो."

ठकूबाई इतका वेळ छताकडे बघत होती. आता बोलली.

"खरं हाय बाईंचं. आमच्या चांदी म्हशीला बी माझाच हात लागतोय. दुसऱ्यानं हात लावला की लाथ घालती."

"तुला तर तुझाच हात असताना खांबाला दाबलं," मी म्हणालो.

ती हसली, आणि हसताना कळ आली म्हणून मला शिवी दिली. चांगली, घसघशीत शिवी. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी बाटलीचं बूच लावायला लागलो.

शार्दूलनं पुन्हा हात ठेवला.

"अवं डाक्टर, हात गरम करून ठेवा की. गार हातानं म्हस बी दूध चोरती."

सुवर्णपदकवाल्यानं तळवे एकमेकांवर चोळले. अख्ख्या वॉर्डानं बघितलं. मी पाहिलेलं त्याचं पहिलं चांगलं काम ते.

त्या दिवशी आणि त्या रात्री तो खाटेजवळच्या स्टुलावर बसून राहिला, हे कबूल करायला पाहिजे. दर तासाला हात. दर तासाला नाडी. ब्याऐंशी, चौऱ्याऐंशी, ब्याऐंशी. चेहरा मात्र असा, की याला कुणी दावणीला बांधून ठेवलंय.

मंगळवारी सकाळी बाई निघाल्या. जुन्या एका मारामारीच्या केसमध्ये त्यांना जिल्ह्याच्या कोर्टात साक्ष द्यायची होती. बुधवारी दुपारी परत.

दारात थांबल्या.

"रेघ पुसट झाली तर गिरव. रेघेवरूनच गिरव."

"हो, मॅडम."

"आणि नाडी शंभरच्या वर गेली तर?"

"लगेच ओटी. तुमची वाट बघायची नाही."

"पोट सांगेल ते ऐक. मी सांगितलेलं नंतर."

"हो, मॅडम."

जीप गेली.

आता गंमत बघा. सोमवारी ज्याला पोट उघडायची घाई होती, तोच मंगळवारी दुपारी मित्राला फोनवर सांगत होता, "एक टाका नाही! ग्रेड थ्री स्प्लीन आणि एक टाका नाही. अरे, हल्ली कोण कापतं? ज्याला थांबता येत नाही तो कापतो."

चोवीस तासांत माणूस धर्म बदलतो तो असा.

बरणी टेबलावरून कपाटात गेली. मी विचारलं, "लोणचं मुरायला ठेवलं का, डॉक्टर?" त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पुढच्या महिन्यात सर्जन लोकांची परिषद होती. तिथं ही केस मांडायची, असं त्यानं ठरवलं. त्याला फोटो पाहिजे होता. पोटावरचा हात सगळ्यांना आवडेल म्हणाला.

पण वॉर्डातल्या मावशींनी सकाळी अंग पुसलं होतं. रेघ फिकट झालेली.

"मामा, जांभळं औषध."

मी दिलं. त्यानं हात ठेवला आणि डाव्या हातानं भोवती नवी रेघ काढली. गडद, सुंदर. मोबाइलवर चार फोटो काढले.

मी वाकून बघितलं. जुनी फिकट रेघ नव्या रेघेच्या बाहेर राहिली होती. मधे काडी मावेल एवढी फट.

"डॉक्टर, जुनी रेघ बाहेर राहिली."

"मॅडमनी ढिली काढली होती. वय झालं, हात थरथरतो."

मी हसलो. हे मी कबूल करतो. त्याच्या बरोबरीनं हसलो. बाईंच्या हातानं गेल्या तीस वर्षांत किती नसा शिवल्या, ते मी मोजलेलं होतं. तरी हसलो.

संध्याकाळी नाडी ब्याण्णव.

"सासू येऊन गेली ना आत्ता," शार्दूल म्हणाला. "भांडल्या असतील."

सासू धोंडाबाई. वाडीवरून दोन तास चालत यायची. भांडायला नव्हती आली. म्हैस कुणाला हात लावू देत नाही, कास दगडासारखी झालीय, एवढं सांगायला आली होती. ठकूबाईनं तिला सांगितलं, "माझं लुगडं नेसून बसा खाली. वासानं फसंल." दोघी हसत होत्या. मी पाहिलं.

त्या रात्री तासाचे दोन तास झाले. मग चार. "स्टेबल आहे," तो म्हणाला. खोलीत झोपायला गेला. ज्यानं बरं करून दाखवलंय त्याला झोप लागतेच.

बुधवार.

सकाळी ठकूबाई म्हणाली, "मामा, डावा खांदा धरलाय. घागर ठेवल्यावानी जड झालाय."

"पडून पडून अवघडला असेल."

शार्दूलही तेच म्हणाला. मी माझ्या खिशातली बामची डबी काढली आणि सिस्टरकडे दिली, बाईच्या खांद्याला चोळा म्हणून. वर म्हणालो, "लागलं पोटाला आणि रडतोय खांदा! म्हशीला खांदा दाखवला होतास का?"

या वेळी तिनं शिवी दिली नाही.

अंग पुसून झालं होतं. शार्दूल आला. तळवे चोळायला विसरला. हात ठेवला, नवी रेघ काढली, हात उचलला. फोनवर परिषदेच्या माणसाशी बोलणं चालूच होतं. नाडी सिस्टरनं मोजली होती. अठ्ठ्याण्णव.

"शंभरच्या आतच आहे," तो म्हणाला.

ठकूबाई त्याच्याकडे बघत होती.

"डाक्टर."

"हं?"

"आज तुमचा हात हितं न्हाई."

"इथंच तर ठेवला आत्ता."

"ठेवला वो. पण हितं न्हाई. जनावराला बी कळतंय ते."

तो हसला, तिच्या गालावर चापट मारल्यासारखं केलं आणि पुढच्या खाटेकडे गेला.

साडेबाराला जीप आली. बाई कोर्टाच्या साडीतच वॉर्डात शिरल्या. तीन पावलं आल्या आणि थांबल्या.

"बामचा वास कुणाचा?"

मी माझ्या चपलांकडे बघत होतो.

"ठकूबाई, कुठं दुखतंय गं?"

"खांदा..."

पोटात रक्त साठलं की डावा खांदा दुखतो, हे मला नंतर कळलं. बाई भरभर खाटेशी गेल्या. त्यांनी नाडी धरली नाही, कागद बघितला नाही. चादर बाजूला केली.

पोटावर जांभळे हात होते. एकात एक. बाहेरचा फिकट, मधला जरा ठसठशीत, आतला ओला असल्यासारखा गडद.

"शार्दूल."

तो आला. हसतच आला. "मॅडम, पन्नास तास झाले. एक टाका नाही."

"हे हात कुणाचे?"

"माझेच."

"तिन्ही?"

"हो. पुसट झाली म्हणून..."

"मग यातला मोठा कुठला?"

"बाहेरचा, मॅडम. तो तुम्ही काढला होता, जरा ढिला..."

बाईंनी त्याचं मनगट धरलं. त्याचा हात पोटावर ठेवला. आतल्या गडद रेघेत तो बरोबर बसला. मग बाईंनी स्वतःची करंगळी त्याच्या हाताच्या आणि बाहेरच्या फिकट रेघेच्या मधे आडवी ठेवली.

करंगळी मावली.

...

मी चाळीस वर्षं माणसांचे चेहरे बघितलेत. पट्टी सोडताना, जखम दिसायच्या आधी जे चेहरे होतात, ते. शार्दूलचा तसा झाला. हात लहान होत नसतो, हे त्याला तिथं उभ्या उभ्या कळलं. रेघ कुणी ढिली काढली नव्हती. पोट ताणलं गेलं होतं, आणि रेघ पोटाबरोबर ताणली गेली होती. दोन दिवस ती सांगत होती. तो दोन दिवस तिच्यावर नवी रेघ काढत होता.

"हात धू," बाई म्हणाल्या. "सिस्टर, रक्त लावा. ओटी."

खाट हलवताना ठकूबाईनं माझी बाही धरली. ओठ पांढरे पडलेले.

"मामा, सासूला सांगा. चांदीचं दूध तटलंय. माझं लुगडं..."

"तू स्वतः काढशील गं धार," मी म्हणालो.

आयुष्यभर मी लोकांना खोटं सांगून हसवत आलो. ते एकच खोटं असं, की त्यावर कुणी हसलं नाही.

पोट उघडलं तेव्हा मी आत होतो, दिवा धरायला. बाई कापत होत्या, शार्दूल समोर. रक्त असं आलं, की टेबलाखाली माझ्या चपला भिजल्या. बाईंचा हात आत गेला तो सरळ जागेवर गेला आणि मुळाशी चिमटा बसला. पाच मिनिटं लागली असतील. तो हात तेव्हा थरथरत होता का, हे मी मुद्दाम बघितलं. नव्हता.

पानथरी निघाली. रक्त थांबलं. थांबायला आत फारसं उरलंही नव्हतं.

तीन बाटल्या संपल्या. चौथी शहरातून निघाली होती. ती घाटात असतानाच, दोन वाजून दहा मिनिटांनी, भूल देणाऱ्या डॉक्टरांनी बाईंकडे बघून मान हलवली.

बाईंनी पोट शिवलं. स्वतः. एकेक टाका सारख्या अंतरावर, बरं होऊन घरी जाणाऱ्या बाईला घालतात तसा.

बाहेर व्हरांड्यात ऊन होतं. शार्दूल भिंतीला टेकून खाली बसला. अंगावर हिरवा झगा तसाच. बाई शेजारच्या बाकावर बसल्या. मी कोपऱ्यात चपला धूत होतो. धुऊन झाल्या तरी धूत होतो.



मग शार्दूल म्हणाला, "पहिल्या दिवशी मी म्हणत होतो, मॅडम. उघडायला पाहिजे होतं. माझंच बरोबर होतं."

बाईंनी डोक्यावरची टोपी काढली.

"तुम्ही थांबवलंत."

टोपीची घडी घातली.

"यापुढे मी थांबणार नाही. फाटलेली दिसली की उघडणार. तासभरसुद्धा थांबणार नाही."

बाईंनी त्याच्या उजव्या हाताकडे बघितलं. नखांच्या कडांना जांभळा रंग लागला होता. घासूनही निघाला नव्हता.

"आणि ज्या पानथऱ्या आपोआप बऱ्या होतात, त्यांचं काय?" असं काही त्या विचारतील, असं मला वाटलं. विचारलं नाही.

"काहीतरी बोला, मॅडम," तो म्हणाला. "रागवा तरी. तुम्ही इथं नव्हता. मी काय करायला पाहिजे होतं? कापायला पाहिजे होतं, का थांबायला पाहिजे होतं? एक काहीतरी सांगा."

...

आतल्या खोलीचं दार उघडलं. धोंडाबाई बाहेर आली. सून आत टेबलावर असतानाच ती वाडीवरून पोचली होती. सुनेला पुसून, लुगडं नेसवून न्यायची म्हणून ती आत गेली होती. हातात ओलं फडकं. रडत नव्हती. तिला अजून एक काम राहिलं होतं आणि ते काही केल्या होत नव्हतं, असा तिचा चेहरा होता.

"डाक्टरीणबाई."

"बोला."

"तिच्या पोटावर हातं काढल्याती. टाक्याच्या बाजूला. तीन हाईत. साबण लावला, घासलं. निघंनात."

तिनं फडकं दाखवलं. जांभळं झालं होतं.

"ही हातं कुणाची म्हनायची?"

शार्दूलनं मान वर केली आणि बाईंकडे बघितलं. लहान पोर परक्या माणसानं नाव विचारल्यावर आईकडे बघतं, तसं.

बाईंनी चष्मा काढला. पदरानं पुसला. पुन्हा घातला.

"त्यांनी तुला विचारलंय."